दादांचं ताट

आमचे दादा घरात जेवत नसत. त्यामागं उपास, पथ्य किंवा सोवळं असं काही कारण नव्हतं. घरात बायको, मुलगा, सून, चुलीवर भाकरी, सगळं असताना हा गृहस्थ डोक्याला पटका गुंडाळून निघायचा आणि गिरणीमागच्या आक्काच्या खानावळीत जाऊन पोटभर जेवायचा. मला दादांइतका वैताग दुसऱ्या कुणी आणला नाही.

दादांनी उभा जन्म सोलापुरात गिरणीच्या साच्यावर कापड विणण्यात काढला. आई गावाकडं, केमजवळ, जिरायत जमीन आणि आम्हा पोरांना सांभाळत राहिली. दादा दिवाळीला आणि सुगीला यायचे, पाहुण्यासारखे राहायचे आणि जायचे. पुढं मला सोलापुरातच म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरकी लागली, दादाही गिरणीतून सुटले. आता या दोघांनी एका छपराखाली सुखानं राहायचं, असं मी ठरवून टाकलं. जमीन वाट्यानं दिली, मोठी जागा घेतली आणि आईला गाडीत बसवलं. तिची मागणी एकच होती. "जलमभर त्येंला वाढायचं ऱ्हायलं बघ. आता दोन येळा हातानं करून घालीन."

पहिल्या दिवशी दादा पाटावर बसले, मान खाली घालून चतकोर भाकरी खाल्ली, हात धुतला आणि जरा पाय मोकळे करून येतो म्हणाले. ते पाय रोज कुठं मोकळे होत होते, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

आई हटली नाही. शेंगांची पोळी झाली, हुलग्याचं माडगं झालं. दादा प्रत्येक वेळी "लई झालं" म्हणून उठायचे. मग आई मला आक्का आमटीला काय घालते ते विचारू लागली. ते ऐकून माझं डोकं फिरलं. मी खानावळीतून गुपचूप आमटी आणली आणि घरच्या वाटीत वाढायला लावली. दादांनी एक घास घेतला, आमटी आक्काची आहे हे ओळखलं आणि वाटी बाजूला सारली. म्हणजे प्रश्न चवीचा नव्हताच.

दोघांनी मिळून थोडी करमणूक करावी म्हणून मी काय कमी खटपट केली? संध्याकाळी तळ्यावर फिरायला धाडलं, तर दादा एवढे पुढं चालायचे की बघणाऱ्याला वाटावं, मागची बाई दुसऱ्याच कुणाची. बायस्कोप दाखवायला तंबूत नेलं. आई बायकांत बसली, दादा पुरुषांत, आणि खेळ अर्ध्यावर असताना दादा गायब. आक्काकडं पंगत बसायची वेळ झाली होती.

शेवटी मी आक्काशीच भांडायला गेलो. आक्का अक्कलकोटकडची, निम्मं कानडीत बोलणारी विधवा बाई. दारात आलेल्या माणसाच्या पुढचं ताट ओढू का, असं तिनंच मला सुनावलं. आत दादा भिंतीला टेकून जेवत होते. कांदा बुक्कीनं फोडत होते, शेजारच्याची थट्टा करत होते, मोठ्यानं हसत होते. माझा बाप असा हसतो हे मला ठाऊक नव्हतं. ते बघून तर मी जास्तच चिडलो.

परतताना भर रस्त्यात मी त्यांना अडवलं आणि याचा अर्थ काय, असं विचारलं. त्यांनी पटका काढून झटकला. मग म्हणाले, "तुजी आई म्होरं बसती आन माज्या घासाकडं बघती. दुष्काळात तुमाला घालून तिनं काय खाल्लं, मी कदी इचारलं न्हाय. मी हितं दोन्ही येळा जेवत हुतो. तिच्या म्होरं घास उतरत न्हाय गड्या."

हे तिलाच सांगा, असं मी म्हणालो. त्यावर त्यांचं उत्तर, "असलं काय बोलायचं असतंय व्हय?"

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, आपली काही तक्रार नाही, तसं त्यांना सांग. म्हणजे दोघंही बोलणार माझ्याशी, एकमेकांशी नाही. यांच्यापेक्षा माझ्या वर्गातली द्वाड पोरं परवडली.

असंच चालत राहिलं, आणि एका पावसाळ्यात दादा तापानं अंथरुणाला खिळले. भान यायचं, जायचं. आई भाकरी दुधात कुस्करून भरवायची. घास तोंडातच राहायचा. एका दुपारी मात्र त्यांनी सगळी वाटी संपवली आणि आणखी मागितलं. आईनं लगबगीनं दुसरी वाटी केली. तीही संपली. मग दादा तिच्याकडं बघून म्हणाले, "आक्का, आज लई ग्वाड लागलं. पर तुज्याकडं हे शेवटचं. आता गावाकडं जातो. मंडळी एकलीच हाय. तिच्या हातचं जेवायचं ऱ्हायलंय माजं."

मी उंबऱ्यात उभा होतो. अहो, समोर बसलीय तीच ती, असं ओरडून सांगावं म्हणून मी पुढं झालो. आईनं हातानंच मला थांबवलं. पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जावा की. तिनं चूल पेटवून ठिवली असंल."