पत्रा वाजतोय

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. नेसरीच्या माझ्या आईलाही नाही — ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, एकदा सांगून टाकावं असं वाटलं होतं, पण जीभच उचलली नाही. गेल्या आठवड्यात चारचौघींत एक शब्द तेवढा बोलले. त्या एका शब्दामागचं सगळं अजून पोटातच आहे. ते तुम्हाला सांगते. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, हे बरंच आहे.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर पुढचं ऐकताना तुमच्या डोळ्यांपुढे भलतीच कुणी घाबरट बाई उभी राहायची. गडमुडशिंगीत माझी पिठाची गिरण आहे आणि शेजारच्याच खणात मिरच्यांची चटणी कांडायचं मशीन. नवरा कोल्हापुरात नोकरीला. गिरण माझी. पट्टा निसटला तर मी चढवते, मोटर जळली तर मिस्त्रीशी मी भांडते. उन्हाळ्यात चटणीचा हंगाम सुरू झाला की बायका डबे घेऊन ओळीनं बसतात. डोळे लाल, नाकाला पदर, आणि तोंडं सगळ्यांची चालू. माझा आवाज त्या सगळ्यांच्या वर. गावात मला कुणी भित्री म्हणणार नाही. उलट माझ्या धीराचा गावानं सत्कार केलाय. त्याच्याबद्दलच तर बोलायचं आहे.

आणि अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, महादेवी. माहेर तिचं सीमेपलीकडचं, त्यामुळे रागावली की कानडीत बोलते, आणि खूश झाली तरी कानडीतच. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघरात कुठला डबा कुठं, सासऱ्यांना भाकरी कशी लागते, सासूबाईंपुढे कधी गप्प बसायचं — सगळं तिनं शिकवलं. मला कधी नावानं हाक मारली नाही तिनं. "धाकटे" म्हणायची. तिच्या हाताच्या शेवया गावात प्रसिद्ध होत्या. पीठ ताणत ताणत केसाएवढं बारीक सूत काढायची, आणि ते तुटायचं नाही. लग्नसराई आली की घराघरांतून तिला बोलावणं. मानानं बोलावत, जाताना ओटी भरत. अक्काला मूलबाळ नाही. ते बोलावणं हेच तिचं मोठेपण होतं म्हणा ना.

त्या दिवशीही मे महिन्याचीच दुपार होती. माझी सून तेव्हा घरात आली नव्हती, म्हणजे बरीच वर्षं झाली. समोरच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीवर मिरच्या वाळत होत्या. सकाळपासून अंगाची नुसती काहिली. मग एकदम झाडाचं पान हलायचं थांबलं. आभाळ काळं नाही झालं — पिवळं झालं, गढूळ. वळीव येणार हे कळत होतं. वळीव काय, दर वर्षी येतो. मी अक्काला म्हटलं, "अक्का, तेवढ्या मिरच्या गोळा करा की."

मी म्हटलं. हे लक्षात ठेवा. ती आपणहून गेली नव्हती.

ती ताडपत्रीचं एक टोक दुमडते न दुमडते तोच वारा आला. आला म्हणजे कसा सांगू? वारा वाढत जातो, तसा तो नव्हताच. भिंत कोसळावी तसा अंगावर आला. समोरच्या शेतातला ऊस एका दमात आडवा झाला. विजेचा खांब वाकताना मी डोळ्यांनी बघितला. ताडपत्री उडाली आणि मिरच्यांचा लाल लोट उठला, त्या लोटात अक्का दिसेनाशी झाली. आत बायका किंचाळायला लागल्या, दोघींच्या कडेवर पोरं. धूळ, तिखट, पालापाचोळा सगळा आत. मी धावले, शटर खाली ओढलं, दोन्ही बाजूंच्या कड्या घातल्या आणि पाठ लावून उभी राहिले. शटर फुगत होतं, मला आत ढकलत होतं. मी बायकांना ओरडून सांगितलं — पोरं घेऊन मशीनच्या मागं बसा, वरच्या पत्र्याखाली कुणी थांबू नका. ऐकलं त्यांनी. गिरणीचे चार पत्रे त्या वाऱ्यानं नेले, ते ज्या जागेवरून गेले तिथं त्या आधी बसल्या होत्या. हे खरं आहे. हे मी केलं. यात मी तिळाएवढंही वाढवून सांगत नाही.

लोकांना एवढंच माहीत आहे.

आता पुढचं. लाईट गेली होती. मशीन बंद, गिरण बंद. वाऱ्याचा आवाज होता, पण आतला आवाज काहीच नव्हता. आणि माझ्या पाठीला शटर लागलेलं. पाठीला लागलेल्या पत्र्यावर बाहेरून कुणी तळहात मारला तर तो कळत नाही? कानाला सोडा, हाडाला कळतो. थाप पडली. मग पुन्हा. आणि हाक आली — "धाकटे! उघड गं! डोळ्यात गेलंय, दिसंना मला!"

मी ऐकलं.

एक म्हातारी होती आमच्यात, हौसाबाई. ती मशीनमागून म्हणाली, "अगं, कोण तर हाक मारतंय भाईर."

मी म्हटलं, "पत्रा वाजतोय, मावशी."

किती पटकन निघालं ते तोंडातून! विचार करून खोटं बोलणारी माणसं असतात. मला विचारसुद्धा करावा लागला नाही. पत्रा वाजतोय. आणि म्हातारी गप्प बसली. पुढं तिला सगळं कळलं तेव्हा ती स्वतःलाच बोल लावायची — माझे कान गेले गं आता, मला हाक आणि पत्रा यातला फरक कळंना झालाय. मरेपर्यंत तेच म्हणत राहिली. तिचे कान चांगले होते. ते मी तिला सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल — बाई, शटर उघडलं असतं तर वारा आत शिरला असता, छप्पर गेलं असतं, पोरांचं काय झालं असतं? हे मी स्वतःला हजारदा म्हणून बघितलंय. पण हे पूर्ण नाही. मध्येच वारा पडला. वळवाच्या वाऱ्यात असं होतं, दम घेतल्यासारखा तो थांबतो. शटर पाठीवरचं सैल झालं. बाहेर सगळं इतकं शांत की अक्काचा श्वास मला ऐकू येत होता — रडल्यासारखा, खोकल्यासारखा. माझा हात कडीवर गेला. कडी थोडी सरकलीसुद्धा. आणि मी ती परत बसवली.

का?

पोरांसाठी? नाही. त्या क्षणी मला पोरं आठवली नाहीत. अक्कावर राग होता? नव्हता. मला मरायचं नव्हतं, एवढंच. बाहेर जे काही होतं ते बाहेरच राहावं आणि मी आत राहावं. त्या ‘बाहेर’मध्ये अक्काही होती, तर तीही राहू दे. इतकं साधं होतं ते. माणूस किती साधेपणानं वाईट वागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

ती पुन्हा एकदा हळू म्हणाली, "धाकटे..." मग वारा पुन्हा आला. मग थापा थांबल्या.

वादळ ओसरल्यावर शटर वर केलं तेव्हा अक्का भिंतीच्या कडेला बसलेली होती. कुणाच्या तरी गोठ्याचा सुटलेला पत्रा आला होता. दिसत नव्हतं तिला, पण आवाजावरून तिनं हात आडवा धरला असावा. डोकं वाचलं. उजव्या हाताचा तळवा पार चिरला होता. कोल्हापूरला नेलं, डॉक्टरांनी शिवलं, पण नसा तुटल्या होत्या. त्या हाताची तीन बोटं आजही मिटत नाहीत. जेवण डाव्या हातानं करते. शेवयांचं बोलावणं पहिल्या वर्षी सवयीनं आलं, मग थांबलं.

दवाखान्यात तिनं विचारलं होतं, "आत होतीस न्हवं तू?" मी म्हटलं, वाऱ्यात काही ऐकूच आलं नाही अक्का. तिनं मान हलवली. आणि मग जो येईल त्याला तीच सांगायला लागली — त्या वाऱ्यात कसं ऐकू यील तिला? पोरंबाळं सांभाळली तिनं, त्येच लई झालं. माझं खोटं तिनं दारोदार नेऊन खरं केलं.

मग सत्कार. शाळेच्या पटांगणात. साडी, नारळ, भाषणं. कुणीतरी मला रणरागिणी म्हटलं. मी माईकवर बोलले पण — आवाज कापला नाही माझा! अक्का पहिल्या ओळीत होती, हाताला पट्टी. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा ती डाव्या हातानं मांडीवर थापा मारत होती. तेव्हा उतरून खाली यायला हवं होतं. नाही आले. साडी चांगली होती, सणाला नेसले.

पुढची वर्षं कशी गेली असं विचाराल, तर चांगली गेली. हेही सांगायलाच हवं. मला झोप येत नव्हती असं काही नाही. गिरण वाढली, मुलाचं लग्न झालं, सून आली — पूजा, चुणचुणीत पोरगी, मशीन माझ्याहून चांगलं चालवते. अक्का रोज दुपारी येऊन आमच्यात बसायची. मीच बोलवायचे. कधी तिचे केस विंचरून द्यायचे. लोक म्हणायचे, जावा असाव्यात तर अशा.

यंदा पुन्हा वळवाचा तसाच वारा सुटला. तेवढा मोठा नसेल, पण शटर तसंच फुगलं. मी आणि पूजानं मिळून ते ओढलं, कड्या घातल्या. मशीन बंद. अक्का आत होती, पोत्यांवर बसलेली. एवढ्यात बाहेरून कुणी तरी थाप मारली. पुरुषाचा आवाज, सोबत बाईचा. रस्त्यानं मोटारसायकलवरून जाणारं कुणी जोडपं.

मी काही बोलायच्या आत पूजानं कड्या काढल्या. शटर कमरेएवढं उचललं आणि वाकून ओरडली, "पावणं, या या, वाकून आत या लौकर!" ती दोघं रांगत आत आली. पूजानं पाय देऊन शटर दाबलं. वारा आला होता थोडा. तिखट उडालं. सगळ्या शिंकल्या, खोकल्या, आणि मग हसायला लागल्या. छप्पर जिथल्या तिथं होतं. झालं. एवढंच झालं.

अक्का खोकत खोकत म्हणाली, "कंबरंएवढं उचललं तर माणूस येतंय की गं आत." सहज म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही तिनं. पूजाचंच कौतुक चाललं होतं तिचं.

त्यानंतर दोन दिवस मी जेवले, पण काय जेवले ते आठवत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गिरणीत मी आणि अक्का दोघीच होतो. मी सांगितलं. जसं तुम्हाला सांगितलं तसं नाही — पहिलं वाक्य बोलले आणि पुढचं तिनंच विचारलं.

"तुला ऐकू आलतं?"

"व्हय."

"वारा पडलाता, तवा बी?"

"तवा बी, अक्का."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली नाही, ते तरी करायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं शिवी दिली नाही — कानडीतसुद्धा नाही. चपला घातल्या आणि गेली.

दुसऱ्या दिवशी हंगामाची गर्दी होती. बायका भिंतीपर्यंत बसलेल्या. अक्का आली, बसली नाही, दारातच उभी राहिली. मशीन चालू होतं. तिनं पूजाला खूण करून ते बंद करायला लावलं. आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या वादळात मी भाईर वरडत हुतो, तवा हिला ऐकू आलतं. ऐकून बी उघडलं न्हाय हिनं. इचारा हिला."

कुणी विचारलं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. पूजाही.

मी म्हटलं, "व्हय."

अक्का वळली आणि निघून गेली. पूजानं थोड्या वेळानं मशीन सुरू केलं. ओळीत पुढं शेजारच्या गल्लीतली बाई होती. माझ्या हातून चटणी कांडून नेणारी, कितीतरी वर्षांची. मी डबा घ्यायला हात पुढे केला. तिनं तो पूजाच्या हातात दिला.

बरोबर केलं तिनं.