वहीत उतरवलेला सोलो

शेवगावात आमचा लग्नाचा ऑर्केस्ट्रा होता तेव्हा गिटारवर पाथर्डीचा एक मोटार रिवाइंडिंगवाला असायचा. दिवसभर जळालेल्या मोटारींत नवी तार भरायची आणि लग्नसराईत गिटार गळ्यात अडकवून स्टेजवर उभं राहायचं, असा त्याचा शिरस्ता. मी हार्मोनियमवर, शिवाय पार्टीचा मालक. त्यातून शाळेत संगीत शिकवणारा, म्हणजे नाकावर माशी बसू द्यायचो नाही.

त्याच्या मोबाईलमध्ये जुनी परदेशी रेकॉर्डिंग्ज भरलेली होती. जॅझ आणि रॉकची सोयरीक नुकतीच जुळली होती, त्या काळातली. टेम्पोतून जाताना तो इयरफोनचं एक टोक माझ्या कानात कोंबायचा. इलेक्ट्रिक गिटार फाटक्या आवाजात सुरू व्हायची, ड्रमवाला भलतीकडंच निघायचा, आणि दहा-दहा मिनिटं गाण्याचा पत्ता नसायचा.

"सर, ह्यांनी आधी काय बी ठरवलेलं न्हाई," तो सांगायचा. "एकानं सूर टाकला की दुसरा तितंच उत्तर देतो. लई डेरिंगचं काम हाय."

मला तो निव्वळ सावळागोंधळ वाटायचा, आणि मी तसं तोंडावर म्हणायचोही.

एका लग्नात नवरदेवाची गाडी वाटेत बंद पडली. वऱ्हाड ताटकळलेलं. मी त्याला म्हटलं, वाजव काहीतरी, वेळ काढ. त्यानं डोळे मिटले आणि तारा ओढायला सुरुवात केली. आमचा ढोलकीवाला आधी बिचकला, मग त्याच्या मागं धावला. मध्येच गिटारवाला स्वतः थांबायचा, ढोलकीला बोलू द्यायचा आणि तिचंच बोलणं सुरांत परत करायचा. सात-आठ मिनिटं असं काही वाजलं की मी हार्मोनियमवरचे हात उचलून घेतले.

कीबोर्डवाल्यानं ते सगळं मोबाईलवर टिपलं होतं. तीन दिवस बसून मी त्यातला एकेक सूर सरगममध्ये वहीत उतरवला. संगीताच्या परीक्षेसाठी मुलांकडून ताना घोकून घेण्यात माझा हातखंडा. वही त्याच्यापुढं ठेवून म्हटलं, "आता दर कार्यक्रमात हेच, असंच वाजवायचं."

तो हसला. "सर, ते त्या दिवसाचं हुतं. आज दुसरं यील."

"आणि दुसरं फसलं तर? लोक नावं मला ठेवतात."

त्यानं ऐकलं. तो मला मान द्यायचा आणि त्या मानाचा मी पुरेपूर फायदा घेतला. सुरुवातीला कधी तो वाट सोडायचा, तेव्हा मी स्टेजवरूनच डोळे वटारायचो. सहा वर्षं तो सोलो जसाच्या तसा वाजला. टाळ्याही पडायच्या. टेम्पोत इयरफोन पुढं करणं त्यानं कधी बंद केलं, हे मला आठवतसुद्धा नाही. याची आता लाज वाटते.

पुढं डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला. आता निवृत्तीनंतर मीच ती जुनी रेकॉर्डिंग्ज मोबाईलवर ऐकत असतो. परवा एकाच रचनेची दोन रेकॉर्डिंग्ज लागोपाठ लागली. सुरुवात तीच, पण पुढं गिटार दोन्हींत निराळी. दुसऱ्यात तर वादक चक्क अडखळतो, आणि त्या अडखळण्यातूनच पुढचं सगळं काढतो. आमच्या गिटारवाल्याला मी कधी अडखळूच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं पाथर्डी गाठली. तो दुकानात मोटार उघडून बसला होता. चहा झाला. मी म्हटलं, "माझं चुकलं. मी तुझी गिटार बांधून टाकली."

"कायतरीच काय सर! त्याच सोलोमुळं लोक वळखत्यात मला."

फार आग्रह केला तेव्हा त्यानं आतून गिटार आणून छोट्या अॅम्प्लिफायरला जोडली. तोच सोलो वाजवला. एक सूर इकडचा तिकडं झाला नाही.

"आता तुझं वाजव," मी म्हणालो. "मनात येईल ते."

त्यानं बोटं तारांवर ठेवली. बराच वेळ तशीच ठेवली. मग उचलून घेतली आणि ओशाळून हसला.

"सर, पुढचं तुमी लिहूनच दिलं न्हाई."