गावाकडचे आहेत

दादाला मुंबईला मीच नेलं. तो मागे लागला नव्हता. आष्टीजवळच्या आमच्या गावात तो जन्मभर वांगी, पालक पिकवत आला, आठवडी बाजारात विकत आला आणि त्यातूनच माझं कॉलेज झालं. मी वर्ध्यात नोकरीला लागलो, शहराला लागूनच बोरगाव मेघेत घर बांधलं. मुंबई मी ऑफिसच्या कामानं दोनदा पाहिली होती. त्याला ती दाखवावी, असं मनात होतं. आपल्याला मुंबई कळते हेही त्याला दिसावं, असं होतं. आज ते कबूल करतो.

जाताना गाडीत दादा खुशीत होता. समोरच्या बाकावर शेंगदाणे वाटत म्हणाला, "एवढे माणसं हायेत म्हणते मुंबईत. बोलाले तं कमी पडत नसन." मग माझ्याकडे वळून, "आन समुद्राचं पाणी वावराले चालत नाई म्हणते. मंग एवढं काऊन भरून ठेवलं बे?" सगळे हसले. मीही हसलो.

मुंबईत त्यानं लॉजच्या मॅनेजरला, लिफ्टमधल्या लोकांना, बसथांब्यावरच्या म्हाताऱ्याला राम राम घातला. एखाद्यानं मान हलवली, बाकीच्यांनी तीही नाही. "कामाच्या घाईत हायेत बिचारे," असं तो मलाच समजावू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका गर्दीच्या खानावळीत जेवायला बसलो. तिथं जागेसाठी लोक जेवणाऱ्यांच्या खुर्चीमागेच उभे राहतात. आमच्यामागेही एक जोडपं उभं होतं. आमच्याकडे जेवताना दारावरून कोणी नुसतं गेलं तरी "या जेवाले" म्हणायचं असतं. न म्हणता घास गिळणारा माणूस हलका. दादाचा हात थांबला. त्यानं मागे वळून पाहिलं आणि ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"या ना बाई, जेवाले या. हे पोयी उष्टी नाई झाली."

बाईंचा चेहरा बदलला. "उठायचं नसेल तर सरळ सांगा ना. टोमणे कशाला मारता?"

शेजारच्या टेबलावर हसू फुटलं. माझे कान तापले. मी घाईघाईनं, बोलण्याला मुंबईचं वळण देत म्हणालो, "माफ करा हं मॅडम. गावाकडचे आहेत." आणि त्याच्यावर खेकसलो, "दादा, गप जेव ना!"

हा माझा भाऊ आहे, असं मी म्हटलं नाही. कोणा अनोळखी माणसाबद्दल बोलावं, तशी मी त्याच्या वतीनं माफी मागितली.

दादा गप जेवला. अन्न टाकणं त्याला जमत नाही, म्हणून ताट स्वच्छ केलं आणि हात धुऊन बाहेर जाऊन उभा राहिला. उरलेले दोन दिवस मी दाखवलं ते त्यानं पाहिलं. समुद्रासमोर बराच वेळ उभा होता. "कसा वाटला?" मी विचारलं. "चांगला हाये." परतीच्या गाडीत शेजारच्यानं त्याला गाव विचारलं, तर उत्तर देण्याआधी त्यानं माझ्याकडे पाहिलं. बोलू का, असं. मग गावाचं नाव मीच सांगितलं.

माफी मागायची होती. वर्धा आलं की मागू, मग पोळ्याला गावी गेलो की मागू. पोळ्याला पारावर दादाच सगळ्यांना सांगत होता, "लहान्यानं मले मुंबई फिरवली, काईच कमी पडू देल्लं नाई." मी खाली मान घालून ऐकत बसलो.

यंदा सेवाग्रामच्या दवाखान्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. माझ्या घरापासून स्कूटरनं जेमतेम वीस मिनिटांवर तो सहा दिवस होता. मला कळलं तो गावी परतल्यावर, तेही गावच्या एका ओळखीच्या माणसाकडून. तसाच गावी गेलो. तो बाजेवर पडून होता.

"दादा, मले सांगतलं काऊन नाई? वहिनी माह्या घरी राह्यली असती ना."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुह्या घरी याचं म्हणजे आता भेव वाटते बाबू," तो म्हणाला. "माह्याच्यानं काई चुकलं तं तुले चार लोकायत खाली पाहा लागन."

मी तोंड उघडलं. वहिनी दारात उभी होती. टाके कधी काढायचे आहेत, एवढंच मी विचारलं.