सुई लावून ठेवलेलं टोपडं

सुमित्राबाई बिड्या वळताना फारसं बोलत नाहीत. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोऱ्याचे वेढे घालून गच्च आवळायचं. बाराव्या वर्षापासून हेच. या उन्हाळ्यात मात्र पान-जर्द्याचं सूप मांडीवर असायचं आणि नजर आतल्या खाटेवर.

खाटेवर त्यांची लेक अंजू. सातवा महिना. डाव्या कुशीवर पडून राहायचं, गरजेपुरतंच उठायचं, असं गोंदियाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन वर्षांपूर्वी पहिलं मूल सहाव्या महिन्यात गेलं. म्हणून जावई योगराजने तिला फुलचूरहून इकडे, बोदलकशाजवळच्या माहेरी आणून सोडलं.

"हललं का?" सुमित्राबाई विचारायच्या.

"आत्ताच तर सांगतलं, आई."

"ते मघाशी. आता?"

पडून पडून अंजूला भिंतीही पाठ झाल्या. मग ती मोबाईलवर बघून कशिदा शिकायला लागली. जुन्या परकराचे चौकोन कापून रिंगमध्ये ताणायचे आणि टाके घालून बघायचे. आधी धावदोरा, मग उलटी टीप, मग साखळी. साखळी दोन दिवस नुसतीच उसवत राहिली. तिसऱ्या दिवशी जमली.

सुमित्राबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "हे कायच्यासाठी करून राहिली व?"

"कायच्यासाठीच नाही. शिकून राहिली."

"पोरासाठी त नाही ना?"

"नाही म्हटलं ना."

त्यांच्या घरात एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या पाळलेली. पोर हातात येईपर्यंत त्याच्या नावानं सुईत दोरा ओवायचा नाही. आल्यावर आधी कुणाचं तरी जुनं कापड, मग नवं. सुमित्राबाईंच्या चारही बाळंतपणांत असंच झालं होतं.

लेकीवर लक्ष ठेवता यावं म्हणून त्या स्वतःच शिकायला बसल्या. दुपारी सूप बाजूला सारायचं आणि खाटेच्या पायथ्याशी सुई घ्यायची. पण चाळीस वर्षं बिडी बांधलेला हात. प्रत्येक टाक्याला दोरा असा ओढायचा की कापड गोळा होऊन यायचं. सरळ रेघ घालायला घ्यावी आणि चोळामोळा झालेली पिशवी निघावी.

"आई, हे बिडी नोहोय. सोड त्याले थोडं."

"सोडलं तर सुटते ना."

शेजारच्या शकुंतलाबाई बिडीची पानं मागायला आल्या तेव्हा मायलेकी अशा बसलेल्या. "लेकीनं शाळा काढली का? फी काय घेते? मले बी शिकव व अंजू, बुढ्याच्या लंगोटीवर गुलाब काढतो."

अंजू पोट धरून हसली. सुमित्राबाईंचं लक्ष त्या हसण्यानं हलणाऱ्या पोटाकडेच होतं. "हळू हास," त्या म्हणाल्या.

आठवा लागला त्या आठवड्यात अंजू न्हाणीत गेली असताना सुमित्राबाईंनी उशीचा अभ्रा काढला. आतून टोपडं पडलं. पांढऱ्या मऊ सुती कापडाचं, कडेला साखळी, वर गाठीच्या टाक्यांचे पिवळे ठिपके. कानाजवळची एक बाजू तेवढी शिवायची राहिलेली, सुई तिथेच खोचलेली. त्यांनी ते नकळत मुठीवर चढवलं. लगेच ओरबाडून काढलं.

ब्लेड हाताशी होतं. एक टाका त्यांनी कापलाही. मग हात थांबला. पोर यायच्या आधी शिवू नये, हे त्यांना माहीत होतं. पण पोरासाठी शिवलेलं फाडावं की नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. सासूनं नाही, आईनं नाही. विचारावं असं माणूसही आता उरलं नव्हतं.

अंजू भिंतीला धरून आली. ब्लेड बघितलं.

"मागच्या वेळी तू काहीच शिवू देलं नाही," ती म्हणाली. "मंग काय झालं? बाबाच्या टॉवेलात गुंडाळून नेलं त्याले. त्याच्या नावाचं घरात एक चिंधूक नव्हतं, आई."

सुमित्राबाईंनी ब्लेड खाली ठेवलं.

"मंग पुरं करू नको," त्या म्हणाल्या. "सुई अशीच राहू दे. पुरं नाही तोवर ते टोपडं नाही, चिंधीच आहे."

अंजूनं मान हलवली. कापलेला टाका तिनं पुन्हा घातला.

तेव्हापासून सुमित्राबाईंना दोन काळज्या झाल्या. "हललं का?" विचारून झालं की त्या उशीखाली हात घालून सुई चाचपायच्या. एकदा सुई सापडली नाही. अख्खी चादर झटकली, खाटेखाली वाकल्या, अंजूचे केस विंचरल्यासारखे चाळले. सुई टोपड्याच्या घडीतच होती. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला महिना बाकी असताना, सकाळी नऊला, अंजूचं पाणी गेलं. योगराज फुलचूरहून निघाला, पण त्याच्या आधी गावातला ऑटो मिळाला. कपड्यांची पिशवी सुमित्राबाईंच्या मांडीवर, आत ते टोपडंही. गोंदियापर्यंत त्यांनी पिशवीत एक हात ठेवला होता, सुईवर. अंजू कण्हत होती. या वेळी सुमित्राबाईंनी हललं का विचारलं नाही. धीर झाला नाही.

दवाखान्यात अंजूला आत नेलं. थोड्या वेळानं नर्स बाहेर आली. "बच्चे के कपड़े दो."

"अजून झालं नाही ना बाई?"

"आधीच लागतात. टोपी आहे का? जल्दी करो."

सुमित्राबाईंनी जुन्या धोतराचे धुतलेले तुकडे दिले. मग टोपडं काढलं. नर्सचा हात पुढेच होता. असं सुईसकट देता येणार नव्हतं. त्या बाकावर बसल्या आणि राहिलेली बाजू शिवली. सात टाके. गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि नर्सच्या हातात दिलं. तिनं बघितलंही नाही. दार लागलं.

त्या पुन्हा बसल्या नाहीत. योगराज आला, काय झालं विचारू लागला, तर त्यांनी नुसतं दाराकडे बोट केलं. तोंडात दोऱ्याची चव राहिली होती. मी पुरं केलं, माह्याच हातानं केलं, एवढंच डोक्यात.

दार उघडलं तशा त्या पुढे झाल्या.

"टोपी बड़ी हो रही है," नर्स म्हणाली. "दुसरी आहे का, छोटी?"

"रडलं का बाई?"

"रडली. पोरगी आहे. वजन कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवतील. टोपी आहे का ते सांगा."

"दुसरी नाही," सुमित्राबाई म्हणाल्या. मग योगराजकडे वळल्या. "खालच्या दुकानातून पांढरं कापड आण, मऊ पाह्यजो. अन् दोरा. लवकर जा, मी शिवतो."