इर्माची सहा पिंपं

इर्मा लेझामाबद्दल लोक वाटेल ते बोलतात, आणि त्यातलं निम्मं माझ्याच बाकावर बसून, माझंच मक्याचं सूप भुरकत बोलतात. कान किटले माझे. तेव्हा एकदा नीट सांगून टाकते. मी सगळं डोळ्यांनी पाहिलंय, आणि एका गोष्टीत माझाही हात आहे.

आमच्या बेलमाँट वस्तीत पॅनयार्ड आहे, पिंपांची वाद्यं वाजवायचं मोठं अंगण, त्याच्या फाटकाशी माझी सुपाची गाडी असते. आत आमचा लँटर्न्सचा ताफा वाजवतो, बाहेर मी सूप विकते. इर्मा दिवसा शाळेचे गणवेश शिवते आणि संध्याकाळी बास वाजवते. बास म्हणजे तेलाची सहा अख्खी पिंपं, ठोकून ठोकून सूर बसवलेली. वाजवणारा मधोमध उभा आणि भोवती पिंपं. हात चालतातच, पण कंबरही गरागरा वळावी लागते. इर्मा तरुण होती तेव्हा यार्डात पाऊल टाकणाऱ्या पोरीचं नाव खराब व्हायचं. तिच्या आईनं तिला झाडूनं झोडपलं, एकदा तर केसच कापून टाकले. ही आपली डोक्याला फडकं बांधून दुसऱ्या दिवशी हजर. कडेवर धाकटा भाऊ असायचा, गस्टिन. तो त्या सहा पिंपांच्या मध्येच बसून मोठा झाला, आणि काठ्या कशा धरायच्या ते त्याला इर्मानंच शिकवलं.

पुढे ब्रुकलिनच्या मावशीनं इर्माला बोलावणं धाडलं, कागदपत्रंही झाली. तेवढ्यात आई अंथरुणाला खिळली. इर्मानं आपल्या जागी गस्टिनला पाठवलं. इथली बुजुर्ग माणसं आजही म्हणतात, तिनं आयुष्य घालवलं. तिनं मात्र कधी ब्र काढला नाही. तिला तिची पिंपं होती ना.

तर हा गस्टिन तिकडे भुयारी रेल्वेचे डबे दुरुस्त करतो. दर हिवाळ्यात बर्फ पडायला लागला की ह्याचा फोन, ह्या वर्षी नक्की येतो. आणि दर वर्षी काही ना काही आडवं यायचं. मी तर त्याच्या नावानं बोटं मोडायची. पण गेल्या वर्षी त्यानं खरंच मनावर घेतलं. कार्निव्हलच्या आधी सव्हाना मैदानावर पॅनोरमा असतो, सगळ्या यार्डांची मोठी स्पर्धा. त्याच वेळी यायचं ठरलं. रजा मंजूर झाली. मग रोज बहीणभावाचे बेत. विमान दिवसाचं घ्यावं की रात्रीचं? जाड कोट कुठे ठेवायचा, इथे उकाड्यात त्याचं काय करायचं? आल्या आल्या खारा मासा आणि बेकची जाड रोटी हवी, पेलाव भात दुसऱ्या दिवशी. इर्मानं आई गेल्यापासून बंद असलेल्या तिच्या खोलीला निळा रंग दिला, नवे पडदे शिवले. मला म्हणाली, पडद्याला तुझ्याकडचं पिवळं कापड दे. दिलं बाई.

आणि एक दिवस तो म्हणाला, "ताई, मला नुसतं बघायचं नाही. मला वाजवायचंय."

इर्मा इतकी हरखली की त्या संध्याकाळी सुपाला मीठ कमी होतं तरी बोलली नाही. आमच्याकडे धून कागदावर नसते. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. एकानं वाजवायची, शेजारच्यानं बघून उचलायची. गस्टिनच्या तळघरात जुनी पिंपं होती. मग रोज दुपारी, यार्ड रिकामं असताना, इर्मा फोन पिंपाच्या काठावर टेकवून एकेक तुकडा वाजवायची आणि तो तिकडून वाजवून दाखवायचा. चुकला की ही इकडून त्याला शिव्या घालायची. मला हसू यायचं. दोघं पन्नाशी ओलांडलेली, आणि भांडणं शाळेतल्यासारखी.

जानेवारीत लँटर्न्सच्या कॅप्टन फाँरोझनं तिला बाजूला घेतलं. बासची पिंपं ज्यावर चढवतात त्यातल्या एका गाडीचा सांगाडा गंजून मोडला होता, म्हणजे रांगेत एक जागा कमी झाली होती. त्यानं सरळ सांगितलं. इर्मा, तुझा खांदा हल्ली मागे राहतो, द्रुत तुकड्यात तू अडखळतेस. तुझा भाऊ येतोय, तो कसा वाजवायचा ते मला आठवतंय. आल्यावर दोघांची परीक्षा घेतो. सगळ्यांसमोर एकेकट्यानं अख्खी धून वाजवायची, एकदाच. एक राहील.

ती माझ्याकडे येऊन बसली. सूप दिलं तर तसंच गार झालं. मी म्हटलं, अगं, भाऊच आहे ना, घरातल्या घरात. तर माझ्यावर उसळली. म्हणाली, घरात माझं काय आहे? त्या सहा पिंपांत उभी असते तेव्हाच मी कुणीतरी असते. बाकीचा दिवस मी नुसती बाह्या जोडते. मला तिचा राग आला नाही. सूप पुन्हा गरम करून तिच्यापुढे ठेवलं.

त्यानंतरच्या आठवड्यात धून बसवणाऱ्या मास्तरांनी शेवट बदलला. ह्यांचं हे नेहमीचंच, स्पर्धा तोंडावर आली तरी ह्यांचे हात थांबत नाहीत. आधीचा शेवट सरळ उतरत यायचा. नवा एकदम उलटा फिरून वर जायचा, बासवाल्याची तर दमछाक. इर्मा रोज घाम गाळून तो बसवत होती. पण दुपारी पिंपाच्या काठावर फोन काही दिसेना. मी विचारलं, गस्टिनला नवा शेवट दिलास का? म्हणाली, देते, वेळ कुठेय. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, तू तुझं सूप बघ.

गस्टिन विमानतळावरून बोलला तेव्हा ती माझ्याच बाकावर होती. मोठ्यानं बोलायची त्याची खोड, मला सगळं ऐकू येत होतं. बाहेर बर्फ पडतोय, विमान वेळेवर आहे, हातातल्या पिशवीत काठ्या आहेत. मग म्हणाला, "ताई, धुनीत काही बदललं का गं?"

इर्मानं माझ्याकडे पाहिलं. मी पळी हातात धरून उभी.

"नाही," ती म्हणाली. "काही बदललं नाही. तू ये."

ती उठून गेली आणि माझं डोकं फिरलं. ज्या पोराला हिनं कडेवर वाढवलं, त्याला ही सगळ्या यार्डासमोर तोंडघशी पाडणार? आत सराव सुरूच होता. मी फाटकाशी फोन धरला, नवा शेवट भरून घेतला आणि त्याला पाठवून दिला. खाली लिहिलं, शेवट बदललाय, हा ऐक. त्याचं उत्तर आलं, मिळालं, मावशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी माझ्या गाडीपाशी. केस पिकलेले, पोट सुटलेलं, हसणं तेच. मी मक्याची कणसं सोलत होते. तो बाकावर बसून बोटांनी फळीवर ठोके देत होता, आणि ते कान देऊन ऐकले तर नवा शेवट. उलटा फिरून वर, एक ठोका इकडचा तिकडे नाही. मी मनात म्हटलं, गेली इर्मा. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा मला आपण काय करून बसलो असं झालं.

संध्याकाळी अख्खं यार्ड जमलं. मी गाडी सोडून आत गेले. आधी इर्मा. द्रुत तुकड्यात एका जागी खांदा मागे राहिला, लोकांनी माना वळवल्या. पण नवा शेवट तिनं दात आवळून पुरा केला. पिंपांतून बाहेर आली ती खांदा चोळतच. मग गस्टिन आत शिरला. काय वाजवलं त्या माणसानं. पोरं पुढे सरकली, कॅप्टनची मान डोलायला लागली. मला इर्माकडे बघवत नव्हतं. शेवट आला, आणि गस्टिननं जुना शेवट वाजवला. सरळ उतरत, सावकाश, शेवटच्या ठोक्यापर्यंत.

कॅप्टन म्हणाला, हा शेवट केव्हाच काढून टाकला, तुला कुणी सांगितलं नाही? गस्टिन म्हणाला, मला येतो तो हाच. कॅप्टननं खांदे उडवले. म्हणाला, इर्मा राहील.

मी गस्टिनला हाताला धरून गाडीमागे ओढलं. म्हटलं, मूर्खा, मी पाठवला होता ना? सकाळी माझ्या फळीवर काय बडवत होतास?

तो काठ्या पिशवीत ठेवत होता. "ताईला विचारलं होतं मी. ती म्हणाली, काही बदललं नाही. मग नाही बदललं."

वळले तर मागे इर्मा उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ती तरातरा आत गेली, कॅप्टनसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्याला नवा शेवट येतो. मी त्याच्याशी खोटं बोलले. माझी जागा त्याला द्या."

यार्डात कुजबुज झाली. कुणीतरी मागून घाण शब्दही टाकला. कॅप्टन फाँरोझ आधी कुजबुजणाऱ्यांवर डाफरला. मग म्हणाला, परीक्षा एकदाच असते, इर्मा. तो हरला, तू उभी राहशील. ती म्हणाली, मला नको. तर तो म्हणाला, मग बासची रांग लंगडी घेऊन जाऊ का सव्हानाला? घरचं भांडण घरी ठेव.

म्हणजे जी जागा तिनं चोरली, तीच तिच्या गळ्यात पडली. त्या दिवसापासून लोकांची तोंडं सुटली ती सुटलीच. सरावाला ती यायची, वाजवायची, निघून जायची. घरी गस्टिनला पेलाव वाढायची, पण त्याच्याशी नजर मिळवायची नाही. निळ्या खोलीत तो एकटाच जेवायचा, हे त्यानंच मला सांगितलं. मी म्हटलं, तू रागाव तरी तिच्यावर, म्हणजे मोकळी होईल. तो म्हणाला, राग आलाच नाही तर आणू कुठून?

पॅनोरमाच्या दिवशी ऊन रणरणत होतं. पिंपांच्या गाड्यांना चाकं असतात, वाजवणारे वर उभे आणि माणसं मागून ढकलत रस्त्यानं मैदानापर्यंत नेतात. इर्माच्या गाडीला हात लावायला कुणी पुढे येईना. पोरं दुसऱ्या गाड्यांकडे वळली, मुद्दाम. ती पिंपांच्या मधोमध ताठ उभी होती, ओठ आवळून, समोर बघत. मी बाह्या सरसावून पुढे झाले, पण माझ्या एकटीनं ते धूड काय हलतंय. तेवढ्यात गाडी हलली. गस्टिननं मागून खांदा लावला होता. माझ्याशेजारी वाकून त्यानं जोर दिला आणि चाकं फिरली.

इर्मानं मागे वळून पाहिलं नाही. पण मागून त्याची धाप ऐकून गाडी कोणी ढकलली ते तिला कळलं असणार, कारण तिच्या हातातल्या काठ्या खाली आल्या आणि ती रडायला लागली, भर रस्त्यात, सगळ्या बेलमाँटसमोर.

गस्टिन धापा टाकत म्हणाला, "ताई, घट्ट धर. पुढे वळण आहे."