हेडफोनमध्ये काय होतं

थोरलीला तिच्या दुकानात कुणी घाबरवू शकत नसे. घाबरायचं ते गिऱ्हाइकांनी. कपडे घट्ट-सैल करून द्यायचं तिचं दुकान बसस्टॉपच्या मागे होतं, दार जोरात ढकललं की शिलाई मशीनला आपटेल एवढंसं. कुणी जुना कोट घेऊन आलं की ती आधी कोटाकडे बघे, मग पोटाकडे, आणि सांगून मोकळी होई, "शिवणीत कापड उरलेलं नाही. नवा घ्या." जिभेला हाड नव्हतं, पण ती बसेल म्हणाली की कपडा बसे. म्हणून लोक बोलणी खाऊनही तिच्याकडेच येत.

हा फटकळपणा एकाच माणसापुढे गळून पडे. तो तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला, आणि तो निघाला रॉक गायक. तेवढ्याने भागलं नाही म्हणून कवीही. नवं गाणं झालं की तो गिटार घेऊन दुकानात येई आणि कापडाच्या ढिगावर बसून ते ऐकवी. ओठांत टाचण्या धरलेली थोरली मान न उचलता म्हणे, "छान." पुढे त्याचं नाव झालं, हॉल भरू लागले, तरी ताईच्या 'छान'शिवाय त्याचं गाणं बाहेर पडत नसे.

त्याच्यावरचा माहितीपट बघायला आज ती थिएटरात आली होती, एका बाजूच्या खुर्चीत भाऊ होता, दुसऱ्या बाजूला नवरा, आणि ती घाबरली होती.

माहितीपटवाल्यांची एक खोड असते, घरात शिरले की ते निघता निघत नाहीत. दिग्दर्शिका आणि तिची माणसं वर्षभर धाकट्याच्या मागे होती. त्याच्या उशीपासून औषधांच्या डबीपर्यंत त्यांनी काही सोडलं नाही. एका दुपारी ते सगळे धाकट्याला घेऊन थोरलीच्या घरी आले, त्याने एक नवं गाणं म्हटलं, मग त्यांनी तिच्या कॉलरला माईक लावला आणि भावाबद्दल चार शब्द बोलून घेतले. मग ती चहा गाळायला आत गेली. नवरा तिथेच उभा होता. त्याने विचारलं, "आत्ता त्याने म्हटलं ते नवं गाणं छान आहे, नाही?"

"कसलं छान," ती म्हणाली. "आवाज गेलाय त्याचा. लोक जुन्या मायेपोटी टाळ्या वाजवतात. कुणीतरी सांगायला हवं एकदा. मला तर छान छान म्हणून वीट आलाय."

बोलून झालं, कॉलर सारखी करायला हात गेला आणि बोटांना माईक लागला.

त्यानंतर लवकरच धाकट्याने गाणं सोडलं. पेपरात घशाचं दुखणं म्हणून छापून आलं. तो नुसत्या कविता लिहू लागला आणि त्यातली एकही तिला ऐकवायला आला नाही. त्याच्या कानावर ते गेलं असेल का, ही पाल तिच्या मनात तेव्हापासून चुकचुकत होती. विचारायचा धीर मात्र झाला नाही. आणि आता तेच बोलणं पडद्यावरून भरल्या थिएटरात ऐकू आलं तर? बाहेर पडायचं दार कुठल्या बाजूला आहे, हे तिने दिवे मालवायच्या आधीच बघून ठेवलं होतं.

लोक मात्र रंगात आले होते. पडद्यावर धाकटा मोजे वाळत घालता घालता एका शब्दावरून स्वतःशीच भांडला, तेव्हा हशा पिकला. औषधांची डबी आली तशी पुढची बाई डोळे पुसू लागली. मागचा एक जण कुरकुरला, "गाणी कमी आणि न्हाणीघर जास्त." लोक हसले की थोरली दचके, गप्प झाले की आणखी दचके.

मग पडद्यावर तिचीच बैठकीची खोली आली. "माझ्या भावाचं सगळंच छान असतं," पडद्यावरची थोरली म्हणाली, आणि प्रेक्षक कौतुकाने हसले. ती उठून आत गेली. कॅमेरा धाकट्यावर राहिला. त्याने गंमत म्हणून आवाजवाल्याचे हेडफोन उचलून कानाला लावले आणि कॅमेऱ्याकडे बघून दात काढले. ते हसू हळूहळू ओसरलं. हेडफोन त्याने काढले नाहीत. ती काय बोलली हे चित्रपटात कुठेच नव्हतं, त्या जागी नुसती गिटार वाजत होती. पडद्याच्या कडेला, स्वयंपाकघराच्या दारात, चहा गाळणाऱ्या तिचं कोपर हलताना दिसत होतं.

"बघ, आपल्याच गाण्यात कसा हरवलाय," मागचा कुरकुऱ्या म्हणाला. त्याचाही आवाज ओला झाला होता. पुढच्या बाईचा रुमाल पुन्हा बाहेर आला. सगळं थिएटर हळवं झालं होतं आणि थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. नवऱ्याच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. "झालं," तो पुटपुटला आणि त्याने तिचा हात धरला.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका मुलीने उभं राहून विचारलं, "त्या हेडफोनमध्ये तुम्ही काय ऐकत होतात?"

धाकट्याने माईक घेतला. "चहा गाळल्याचा आवाज," तो म्हणाला.

लोक खूश झाले. कवीच तो, असं कुणीतरी म्हणालं. आपल्याला त्याने पाठीशी घातलं हे थोरलीला कळलं, आणि तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गर्दी पांगल्यावर तो तिला बाजूच्या बोळकांडीत घेऊन गेला. "कसा वाटला, ताई?"

सवयीने 'छ' ओठांपर्यंत आला. तिने तो गिळला. "माझ्यामुळे गाणं सोडलंस?"

"आवाज गेलाच होता गं. माझा घसा मला कळत नाही का? छळतंय ते वेगळंच." तो भिंतीकडे बघत बोलत होता. "त्याच्या आधी तू इतक्यांदा छान म्हणालीस. त्यातलं खरं कुठलं? एकेक जुनं गाणं काढतो आणि वाटतं, हेही ताईला आवडलं नसेल."

त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, असं तिला फार वाटलं. पण तसं बोलण्यातूनच हे सगळं झालं होतं. "पुष्कळ खोटंच होतं," ती म्हणाली. "दुसरा अल्बम तर मला नुसता गोंगाट वाटला."

त्याने मान हलवली. "आणि खरं?"

"जिन्यात बसून म्हटलं होतंस ते. आई गेली त्या वर्षी."

"त्याला तर तू छान म्हणालीच नाहीस," तो म्हणाला. "एक शब्द न बोलता उठून आत गेलीस. ते गाणं मी परत कधी म्हटलंच नाही."

"आत जाऊन तोंड धुतलं," थोरली म्हणाली. "परत परत धुतलं. तुला दिसायला नको होतं."