बंबाच्या तोटीचा टाका

भीमराज सोनकांबळे निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण कंपनीतल्या खोडी काही सुटल्या नाहीत. घरची शेगडी पेटवतानाही ते आधी जोडणी हुंगून बघत. तीस वर्षं भोसरीत तांब्याच्या नळ्यांना ब्रेझिंगचे, म्हणजे धातूची कांडी वितळवून जोडायचे, टाके मारलेला माणूस. आपला टाका कधी गळला नाही, असं ते स्वतःच सांगत. आणि गंमत म्हणजे इतरही सांगत.

गळत होता तो घरचा बंब. लेकीच्या, मिनलच्या बाळंतपणासाठी त्यांची बायको केसरबाई तळेगावला गेली, तेव्हाच तोटीच्या बुडाशी थेंब धरला होता. "बंब नीट करा, मग बघा कशी येते. गीझरच्या पाण्यानं अंग शेकत न्हाई," असं ती जाताना म्हणाली होती. त्याला सात महिने झाले. 'येत्या रविवारी' म्हणता म्हणता रविवार सरत गेले आणि भीमराजांना मोशीच्या त्या घरात करमेना. हात आपोआप दोन कप चहा टाकायचा आणि ते एकटेच दोन्ही कप पीत बसायचे. हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

बंब बाजारात नेला असता तर तासाभराचं काम. पण परक्याचा टाका केसरबाईने लांबूनच ओळखला असता. म्हणून टाका स्वतःच मारायचं ठरवून त्यांनी आपल्या गॅसच्या टॉर्चला दाब आवरायला कुदळवाडीच्या भंगारातून प्रोपेनचे तीन जुने रेग्युलेटर उचलून आणले. एकाचा आतला रबरी पडदा फाटलेला, दुसऱ्याच्या दाब दाखवणाऱ्या मीटरांच्या काचा गेलेल्या. तिसरा दिसायला धड, पण टॉर्च बंद असतानाही त्याची सुई हळूहळू वरच चढायची, म्हणजे आतून गॅस झिरपत होता. नवखा माणूस इथे फसला असता.

"तुला धीर न्हाई बाबा," म्हणत भीमराजांनी त्याची मीटरं तेवढी काढून घेतली. पडदा धड असलेल्या दुसऱ्यावर ती चढवली. प्रोपेनचे आटे उलटे, उलट्याच बाजूने आवळायचे; हात काही विसरले नव्हते.

गळती तपासायला फेस हवा आणि घरात साबण संपलेला. फळीवर केसरबाईचा रिठ्यांचा डबा होता. चार रिठे भिजवून त्यांनी फेस केला, जोडांवर लावला आणि त्या वासाने घरात तिच्या न्हाण्याचा दिवस उगवला. बुडबुडा एकही उठला नाही, तरी ते ब्रश हातात धरून बसून राहिले. म्हातारपणी बायकोची इतकी आठवण यावी याची त्यांना लाजही वाटली.

परड्यात टॉर्च पेटला. निळी ज्योत स्थिर झाली, तोटीचं बूड लाल झालं आणि कांडी टेकवताच वितळून जोडात शिरली. बंब गार झाल्यावर पाणी भरून दुपारपर्यंत ठेवला. खालचा कागद कोरडाच. मग फोन लावला.

"केसर, झाला बंब. टिपूस न्हाई गळत."

"लई भारी झालं! मग इकडंच घेऊन या की. मिनलला अंगण हाय. नातीला बंबाच्याच पाण्यानं न्हाऊ घालते."

भीमराजांनी बंबाखालच्या कोरड्या कागदाकडे पाहिलं. जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती येणार नव्हतीच. उलट बंबही चालला.

"आन् परत कधी आणायचा?"

"परत कशाला? संगं तुमचे कपडेबी घ्या. मिनल चहा पीत न्हाई, आन् मी मेली अजून दोन कप टाकते."